आयडीचा क्रमांक उडतो, अडतो किंवा संपतो: ऑटो-इन्क्रिमेंटच्या नेहमीच्या तक्रारी

बडोद्यात मकरपुऱ्याच्या कारखान्याचं बिलिंग असो, दांडिया बाजारातल्या गणेश मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या असोत किंवा एखाद्या मराठी वाचनालयाची सभासद-यादी, डेटाबेस सांभाळणाऱ्याला हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात. "पावती १०३ नंतर एकदम १०७ कशी?" "नवी नोंद होतच नाही, ड्युप्लिकेट म्हणतंय." आणि क्वचित, पण सगळ्यात महागात पडणारा: "कालपर्यंत चालत होतं, आज एकही ओळ आत जात नाही."

तिन्ही तक्रारी एकाच जागेच्या वाटतात, पण पहिली बहुतेक वेळा बिघाडच नसते, दुसरी एका आज्ञेत सुटते आणि तिसरीसाठी काम बंद ठेवावं लागतं. म्हणून आधी आपली तक्रार कोणती ते ओळखा आणि मगच हात लावा. पहिलीला दुसरीचं औषध दिलं तर चांगलं चाललेलं टेबल बिघडतं.

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतच करायच्या. आणि टेबलाला हात लावण्याआधी बॅकअप, मग टेबल कितीही छोटं असो.

क्रमांक येतो कुठून

नव्या ओळीला पुढचा क्रमांक, म्हणजे आयडी, आपोआप देण्यासाठी डेटाबेस प्रत्येक टेबलाला एक गणक ठेवतो. यालाच ऑटो-इन्क्रिमेंट म्हणतात. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीत तो टेबलालाच जोडलेला असतो, पोस्टग्रेसमध्ये 'सीक्वेन्स' नावाची स्वतंत्र वस्तू असतो, एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'आयडेंटिटी' या नावाने राहतो. नावं वेगळी असली तरी एक स्वभाव सगळ्यांचा सारखा: गणक ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या कामांच्या गटाच्या) बाहेर चालतो. नोंद घालायला घेतली की क्रमांक देऊन तो पुढे सरकतो. ती नोंद पुढे कमिट (पक्की) झाली की रोलबॅक (रद्द), हे तो बघत नाही.

असं मुद्दाम केलेलं आहे. दोन खिडक्यांवर एकाच वेळी पावत्या चालू आहेत असं धरा. पहिलीला १०४ मिळाला, दुसरीला १०५. पहिलीचं ट्रान्झॅक्शन रद्द झालं. १०४ वाया जाऊ द्यायचा नसेल, तर पहिलीचा निकाल लागेपर्यंत दुसरीला क्रमांकच देता आला नसता, आणि तिसरी-चौथी तिच्या मागे ताटकळली असती. एकाच वेळी शंभर जण नोंदी घालत असतील तर असा डेटाबेस रांगेतच अडकून पडेल. म्हणून गणक मागे येत नाही.

दुसरा स्वभाव म्हणजे गणकाला टेबलातलं फारसं माहीत नसतं. पोस्टग्रेसच्या सीक्वेन्सला तर काहीच माहीत नसतं. आपण शेवटी कोणता आकडा दिला एवढंच तो जाणतो. मायएसक्यूएलचा गणक थोडा सावध आहे: तुम्ही हाताने ५००० आयडी देऊन ओळ घातली तर तो ५००१ वर जातो.

या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर खालचं जवळजवळ सगळं त्यांतूनच निघतं.

मधले क्रमांक गायब आहेत

रोलबॅक हे पहिलं कारण. दुसरं कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: मायएसक्यूएलमध्ये 'इन्सर्ट इग्नोर' आणि 'इन्सर्ट ... ऑन ड्युप्लिकेट की अपडेट' या आज्ञा नवी ओळ घालत नाहीत तेव्हाही क्रमांक खर्च करतात. ओळ आधीपासून आहे हे कळायच्या आतच गणक पुढे गेलेला असतो. पोस्टग्रेसच्या 'ऑन कॉन्फ्लिक्ट'चंही तेच. 'रिप्लेस' तर जुनी ओळ काढून नवी घालते, म्हणजे त्याच ग्राहकाचा आयडीच बदलतो. त्या आयडीवर दुसरी टेबलं अवलंबून असतील तर 'रिप्लेस' वापरूच नका.

तिसरं कारण, 'इन्सर्ट ... सिलेक्ट'. किती ओळी येणार हे इनोडीबीला (मायएसक्यूएलमधला डेटा साठवणारा भाग) आधी माहीत नसतं, म्हणून ते क्रमांक १, २, ४, ८ अशा दुपटीच्या गठ्ठ्यांनी घेतं. रिकाम्या टेबलात पाच ओळी घातल्या तर १ + २ + ४ असे सात क्रमांक घेतले जातात आणि पुढची ओळ ८ वर येते. ६ आणि ७ कधीच कोणाला मिळत नाहीत.

क्रमांक दोन-दोनने किंवा सात-सातने वाढत असतील तर सर्व्हरची मांडणी बघा:

शो व्हेरिएबल्स लाइक 'ऑटो_इन्क्रिमेंट%';

दोन सर्व्हर एकमेकांना डेटा पाठवत असतील तर 'ऑटो_इन्क्रिमेंट_इन्क्रिमेंट' २ ठेवून एकाला विषम, दुसऱ्याला सम क्रमांक देतात, म्हणजे टक्कर होत नाही. ग्रुप रेप्लिकेशनमध्ये (अनेक सर्व्हरवर एकच डेटा ठेवण्याची मायएसक्यूएलची सोय) ही पायरी मुळात ७ असते. हे बिघाड नव्हेत. पायरी १ वर आणायला जाऊ नका.

यावर उपाय म्हणून गाळलेले क्रमांक भरून काढणं किंवा सगळ्या ओळींना १ पासून नवे आयडी देणं सुचवलं जातं. कृपा करून तसं करू नका. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणून बडोदे राज्यात ग्रंथालयांची घडी बसवली. या गावातल्या वाचनालयांत काम केलेल्यांना दाखल नोंदवहीचा नियम सांगायला नको: पुस्तक हरवलं, रद्द झालं तरी त्याचा दाखल क्रमांक दुसऱ्या पुस्तकावर चढवत नाहीत. आयडीचंही तसंच. जुन्या छापील पावत्या, ई-मेल, एक्सेल फाइल, दुसरी टेबलं, सगळीकडे तो क्रमांक गेलेला असतो.

सलग क्रमांक खरोखर हवाच असेल तर

हवा असतो, आणि तोही कायद्याने. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे टॅक्स इन्व्हॉइसचा क्रमांक सलग मालिकेतला, जास्तीत जास्त १६ चिन्हांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. मालिका एकाहून जास्त चालतात. अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. ऑटो-इन्क्रिमेंटचा आयडी ही हमी देऊच शकत नाही. इन्व्हॉइस क्रमांक म्हणून आयडी छापणं ही मुळातली चूक आहे, आणि मार्चअखेरीस हिशेबनीस गाळलेल्या क्रमांकांचा जाब विचारतो तेव्हा ती बाहेर येते.

'सिलेक्ट मॅक्स(क्रमांक) + १' हाही उपाय नव्हे. दोन काउंटरवरून एकाच क्षणी विचारलं तर दोघांनाही १०३ दिसतो आणि दोघंही १०४ छापतात.

योग्य रचना अशी. 'क्रमांक_गणक' नावाचं छोटं टेबल करा. त्यात मालिका, आर्थिक वर्ष आणि शेवटचा क्रमांक असे तीन कॉलम. मालिका आणि वर्ष मिळून प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख. बिल नोंदवताना एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी या ओळीतला शेवटचा क्रमांक एकने वाढवा, तो वाचा, त्याच क्रमांकाने बिल घाला, आणि कमिट. पोस्टग्रेसमध्ये वाढवणं आणि वाचणं 'अपडेट ... रिटर्निंग'ने एका आज्ञेत होतं. मायएसक्यूएलमध्ये असं:

अपडेट क्रमांक_गणक सेट शेवटचा = लास्ट_इन्सर्ट_आयडी(शेवटचा + १) व्हेअर मालिका = 'बी' अँड वर्ष = '२५-२६';
सिलेक्ट लास्ट_इन्सर्ट_आयडी();

अपडेट होताच ती ओळ कुलूपबंद होते आणि कमिटपर्यंत दुसऱ्या काउंटरला थांबावं लागतं. बिल रद्द झालं तर गणकही मागे येतो, कारण इथे तो ट्रान्झॅक्शनच्या आत आहे. वर ज्या रांगेची भीती होती ती इथे आपण जाणूनबुजून स्वीकारतो. दिवसाला काहीशे बिलांसाठी ती जाणवतही नाही. मात्र त्या ट्रान्झॅक्शनमध्ये पीडीएफ बनवणं, एसएमएस पाठवणं, पैसे भरण्याची वाट बघणं असलं काही ठेवू नका, नाहीतर सगळे काउंटर एकमेकांसाठी थांबतील. इन्व्हॉइस क्रमांकाच्या कॉलमवर वेगळा युनिक इंडेक्स (एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारा) हवाच.

एक अक्षर, तिरकी रेघ, २५-२६, तिरकी रेघ आणि ००१२३ अशी मांडणी १३ चिन्हांत बसते. १ एप्रिलला नव्या वर्षाची ओळ शून्यापासून सुरू करा. आणि चुकलेलं बिल पुसू नका. त्याच्यावर रद्द असा शेरा ठेवा. पुसलं की मालिकेत तीच फट पुन्हा पडते जी टाळायला एवढं केलं.

वर्गणीच्या पावत्यांना हा नियम नाही, पण ज्यांनी वर्गणी दिली त्यांना हिशेब दाखवायचा असतो, तेव्हा रचना हीच ठेवावी.

"ड्युप्लिकेट" म्हणून नोंद अडते: पोस्टग्रेस

संदेश साधारण असा येतो: 'ड्युप्लिकेट की व्हॅल्यू व्हायोलेट्स युनिक कन्स्ट्रेंट', खाली 'की (आयडी)=(१) ऑलरेडी एक्झिस्ट्स', कोड २३५०५. जवळजवळ नेहमी याच्या आधी कोणीतरी एक्सेल किंवा सीएसव्हीतून जुना डेटा आयडींसकट भरलेला असतो. ओळी आल्या, सीक्वेन्स १ वरच राहिला. लॉजिकल रेप्लिकेशनने (ओळींतले बदल दुसरीकडे पाठवत राहण्याची सोय) दुसऱ्या सर्व्हरवर स्थलांतर केलं तरी हेच होतं, कारण आवृत्ती १८ पर्यंत त्यात सीक्वेन्सचा आकडा जातच नाही.

इथे एक फसवी गोष्ट घडते. प्रत्येक फसलेला प्रयत्नही एक क्रमांक खातो. चाळीस ओळी भरल्या असतील तर चाळीस वेळा चूक येते आणि एकेचाळिसाव्यांदा नोंद होते. मग "आपोआप ठीक झालं" म्हणून कोणी मूळ शोधत नाही, आणि पुढच्या आयातीला तेच पुन्हा. उपाय:

बिगिन;
लॉक टेबल पावत्या इन एक्सक्लुझिव्ह मोड;
सिलेक्ट सेटव्हॅल(पीजी_गेट_सीरियल_सीक्वेन्स('पावत्या', 'आयडी'), कोअलेस(मॅक्स(आयडी), ०) + १, फॉल्स) फ्रॉम पावत्या;
कमिट;

शेवटच्या 'फॉल्स'चा अर्थ, हा आकडा अजून दिलेला नाही, पुढच्या ओळीला हाच द्या. त्यामुळे टेबल रिकामं असलं तरी आज्ञा चालते. कुलूप यासाठी की मोजणं आणि बसवणं यांच्यामध्ये दुसरी नोंद घुसू नये. आयात करणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटी या ओळी कायमच्या टाकून ठेवा.

नवं टेबल करत असाल तर 'सीरियल'ऐवजी 'जनरेटेड ऑलवेज ॲज आयडेंटिटी' वापरा. आवृत्ती १० पासून, म्हणजे २०१७ पासून ते उपलब्ध आहे. हाताने आयडी द्यायला गेलं की डेटाबेस सरळ नकार देतो, आणि मुद्दाम द्यायचाच असेल तर 'ओव्हररायडिंग सिस्टिम व्हॅल्यू' लिहावं लागतं. आणखी एक फायदा: 'सीरियल'मध्ये टेबलावर इन्सर्टची परवानगी असूनही 'परमिशन डिनाइड फॉर सीक्वेन्स' येतं, कारण सीक्वेन्सची परवानगी वेगळी द्यावी लागते. आयडेंटिटीत ती लागत नाही.

मायएसक्यूएल: "ड्युप्लिकेट एंट्री ०"

एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर साइट हलवली आणि त्यानंतर हा संदेश आला, तर आधी हे बघा:

शो क्रिएट टेबल पावत्या;

आयडीच्या ओळीत 'ऑटो_इन्क्रिमेंट' शब्द नसेल तर कारण सापडलं. पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या (ब्राउझरमधून मायएसक्यूएल सांभाळण्याचं साधन) एक्स्पोर्ट फाइलमध्ये टेबलं आणि ओळी आधी येतात. प्रायमरी की आणि ऑटो-इन्क्रिमेंटच्या 'आल्टर टेबल' आज्ञा फाइलच्या अगदी शेवटी असतात. आयात वेळमर्यादेला लागून मध्येच तुटली की ओळी सगळ्या दिसतात, पण शेपूट आलेलं नसतं. डेटा पूर्ण दिसतो म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

स्ट्रिक्ट मोड (चुकीची किंवा अपुरी माहिती नाकारणारी मांडणी) चालू असेल तर चूक १३६४ येते, 'फील्ड आयडी डझन्ट हॅव अ डिफॉल्ट व्हॅल्यू'. बंद असेल तर पहिली नवी ओळ ० आयडीने बसते. की आलेली असेल तर दुसऱ्या ओळीला चूक १०६२, म्हणजे ड्युप्लिकेट. कीसुद्धा आली नसेल तर जास्त वाईट: शून्य आयडीच्या ओळी मुकाट्याने साठत जातात.

शून्याची एकही ओळ नसेल तर फाइलच्या शेवटच्या 'आल्टर' आज्ञा तशाच चालवा, संपलं. ओळी साठल्या असतील तर आधी त्यांना खरे आयडी द्यावे लागतात:

सेट @न := (सिलेक्ट मॅक्स(आयडी) फ्रॉम पावत्या);
अपडेट पावत्या सेट आयडी = (@न := @न + १) व्हेअर आयडी = ० ऑर्डर बाय तारीख;

मग प्रायमरी की, आणि मग 'मॉडिफाय ... ऑटो_इन्क्रिमेंट'. शून्याच्या ओळींना जोडलेल्या उपनोंदी असतील, उदाहरणार्थ बिलातल्या वस्तू, तर कोणती वस्तू कोणत्या बिलाची हे आयडीवरून आता कळणार नाही. नोंदीची वेळ आणि रकमेची बेरीज जुळवून ते हाताने ठरवावं लागतं. म्हणून ही तक्रार पहिल्याच दिवशी पकडण्याला फार महत्त्व आहे. स्थलांतर झाल्यावर प्रत्येक टेबलाची 'शो क्रिएट टेबल' बघून घ्या.

जुना क्रमांक पुन्हा येतो

ही उलटी तक्रार, आणि खरी धोक्याची. मायएसक्यूएल ५.७ आणि आधीच्या आवृत्त्यांत इनोडीबीचा गणक फक्त मेमरीत असे. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की टेबलातला सर्वांत मोठा आयडी बघून तो नव्याने ठरे. शेवटच्या पावत्या पुसून सर्व्हर बंद-चालू केला की तेच क्रमांक दुसऱ्यांना मिळत. २००३ साली नोंदवलेली ही त्रुटी, क्रमांक १९९, अखेर ८.० मध्ये सुटली, मारियाडीबीत १०.२.४ पासून सुटलेली आहे. जुनी आवृत्ती अजून चालवत असाल तर ओळी पुसण्याऐवजी रद्दचा शेरा ठेवा आणि आवृत्ती बदला.

एसक्यूलाइटमध्ये साधं 'इंटिजर प्रायमरी की' लिहिलं की शेवटची ओळ पुसल्यावर तिचा आयडी परत वापरला जातो. ते नको असेल तर 'ऑटोइन्क्रिमेंट' शब्द जोडा.

क्रमांक एकदम हजाराने उडतो

एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून आयडेंटिटीचे क्रमांक आगाऊ घेऊन ठेवतो: 'इंट' (नेहमीचा पूर्णांक प्रकार) साठी १०००, 'बिगइंट' (त्याहून मोठा) साठी १००००. सर्व्हर नीट बंद केला तर उरलेले परत जमा होतात. वीज अचानक गेली तर ते जातात. विश्वामित्रीला पूर आला आणि तळमजल्यावरचं यंत्र धाडकन बंद झालं की दुसऱ्या दिवशी ३४१ नंतर १००२ दिसतो तो यामुळे. डेटा हरवलेला नाही. उडी नकोच असेल तर २०१७ पासून 'आयडेंटिटी_कॅश = ऑफ' हे डेटाबेसपुरतं बसवता येतं, नोंदींचा वेग थोडा कमी होतो. पोस्टग्रेसमध्ये अशा वेळी जास्तीत जास्त ३२ जातात, ऑरेकलच्या सीक्वेन्समध्ये मूळ मांडणीत २०. खर्च यूपीएसवर करा, गणकावर नको.

क्रमांक संपले

'इंट'ची कमाल २१४७४८३६४७. मायएसक्यूएलमध्ये संपल्यावर 'ड्युप्लिकेट एंट्री २१४७४८३६४७' येतं, म्हणून ते नेहमीचं ड्युप्लिकेट समजून लोक भलतीकडे शोधतात. आकडा नीट वाचा. १२७, ३२७६७, ६५५३५, ८३८८६०७, १६७७७२१५, ४२९४९६७२९५ यांपैकी काही दिसलं तर कॉलम भरला. पोस्टग्रेस 'रीच्ड मॅक्झिमम व्हॅल्यू ऑफ सीक्वेन्स' असं स्पष्ट सांगतो.

"आमच्या टेबलात एवढ्या ओळीच नाहीत" हे उत्तर पुरेसं नाही. साठ्याच्या ५००० वस्तू दर पाच मिनिटांनी 'ऑन ड्युप्लिकेट की अपडेट'ने ताज्या होत असतील तर दिवसाला १४४०००० क्रमांक खर्च होतात. टेबलात पाच हजारच ओळी, आणि चार वर्षं उलटल्यावर थोड्याच दिवसांत 'इंट' संपतो. यंत्रांच्या सेन्सरमधून सेकंदाला १०० नोंदी येत असतील तर २४८ दिवस पुरतो. साठ्यासारख्या कामात आधी 'अपडेट' करून बघा, ओळ मिळाली नाही तरच 'इन्सर्ट'; गळती तिथेच थांबते.

मायएसक्यूएलमध्ये किती भरलं हे 'सिस' स्कीमातल्या 'स्कीमा_ऑटो_इन्क्रिमेंट_कॉलम्स' या व्ह्यूत 'ऑटो_इन्क्रिमेंट_रेशो' कॉलममध्ये दिसतं. ०.७ च्या वर गेलं की काम हाती घ्या. ८.० मध्ये हा आकडा २४ तासांपर्यंत जुना असू शकतो. आधी 'अ‍ॅनालाइज टेबल' चालवा किंवा त्या सेशनपुरतं 'इन्फर्मेशन_स्कीमा_स्टॅट्स_एक्स्पायरी' शून्य करा.

बदल करताना:

आल्टर टेबल नोंदी मॉडिफाय आयडी बिगइंट अनसाइन्ड नॉट नल ऑटो_इन्क्रिमेंट;

शेवटचा शब्द विसरलात तर तो गुणधर्म गळून पडतो आणि १३६४ सुरू होतं. ही आज्ञा पूर्ण टेबलाची नवी प्रत बनवते. तेवढी डिस्क मोकळी हवी आणि तोवर लिहिणं बंद राहतं. मोठ्या टेबलासाठी 'पीटी-ऑनलाइन-स्कीमा-चेंज' किंवा 'जीएच-ओस्ट' ही काम चालू ठेवून टेबल बदलणारी साधनं वापरा. या आयडीकडे बोट दाखवणारे फॉरिन कीचे कॉलमही त्याच प्रकाराचे करावे लागतात, साइन्ड-अनसाइन्डसकट (ऋण आकडे चालतात की नाही): आधी फॉरिन की काढा, दोन्हीकडे प्रकार बदला, परत लावा.

पोस्टग्रेसमध्ये 'सीरियल' कॉलम 'बिगइंट' केला तरी आवृत्ती १० पासून सीक्वेन्स 'इंटिजर'च राहतो, 'आल्टर सीक्वेन्स... ॲज बिगइंट' वेगळं द्यावं लागतं. आणि भर दिवसा क्रमांक संपले, टेबल रात्रीच बदलता येणार, तर तात्पुरती सोय म्हणून सीक्वेन्सची किमान मर्यादा आणि सुरुवात -२१४७४८३६४८ करता येते. ऋण बाजूचे दोनशे कोटी क्रमांक रिकामेच असतात. एवढंच बघा की "सर्वांत नवी नोंद" आयडीच्या क्रमाने दाखवणारी पानं त्या दिवशी चुकीची दिसतील. आणि 'बिगइंट' केल्यावर प्रोग्रॅममधले प्रकारही तपासा: जावाचा 'इंट' जुन्याच मर्यादेवर अडतो, तर जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचा पूर्णांक अचूक धरत नाही, तिथे आयडी मजकूर म्हणून पाठवा.